किती डबे? – लवजी वाडियांची गोष्ट

हा लेख खरं तर मेसमध्ये सुरू झाला. मागच्या सेमिस्टरला, रात्रीच्या जेवणाला. बोलता बोलता मी सांगून बसलो की गावाला आमच्या होडीतून रोज पहाटे पंधरा डबे पाणी उपसून टाकावं लागतं. माझा रूममेट मेकॅनिकलचा, गाव अमरावतीकडचं, समुद्र त्यानं आयुष्यात एकदाच पाहिलेला, तोही जुहूला. त्यानं हातातली पोळी खाली ठेवली आणि जाहीर करून टाकलं की मग तुमची होडी पंक्चर आहे. त्याच आठवड्यात त्यांचं लॅबमध्ये पाइपचं प्रेशर टेस्टिंग झालं होतं. सांध्यावर थेंब दिसला की जॉब रिजेक्ट. टेबलावरचे सगळे हसले. वाढणारे मामासुद्धा हसले.

मी म्हणालो, लाकडी होडी गळतेच. त्यावर त्यानं विचारलं की किती गळली तर चालतं? आकडा सांग. आता इंजिनियर माणसाला आकडा लागतो, त्यात त्याची काही चूक नाही. पण मला आकडा सांगता येईना. पंधरा डबे हा आमच्या होडीचा आकडा. शेजारच्यांच्या होडीचा आठ, त्यापलीकडच्यांचा पंचवीस, आणि तिन्ही होड्या रोज समुद्रावर जाऊन सुखरूप परत येतात.

गंमत अशी की चारच दिवसांनी काकांचा फोन आला. होडी आता जुनी झाली, एक फायबरवाला येऊन गेलाय. तो म्हणतो बाहेरून फायबरचं आवरण चढवून देतो, आत थेंबसुद्धा येणार नाही. करायचं का? की विकूनच टाकायची? तू इंजिनियर व्हायला विश्रांतवाडीला जाऊन राहिलायस ना, मग सांग. मी म्हटलं, विचार करून सांगतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर मी बीईला इलेक्ट्रॉनिक्सला आहे, होडीतलं मला डबा मोजण्यापलीकडे काही येत नाही. आणि तोही एकदा चुकलेला आहे, ते पुढे येईलच.

उत्तर मला सापडलं ते १७७४ साली वारलेल्या एका माणसाकडे.

विश्रांतवाडीहून स्टेशनकडे जाणारी बस आपल्या सगळ्यांच्या पायाखालची. येरवडा, मग बंडगार्डनचा पूल, आणि मग कंडक्टर ओरडतो, वाडिया! चार वर्षांत मी हे नाव शेकडो वेळा ऐकलं असेल. वाडिया म्हणजे स्टॉप, फार तर कॉलेज, ज्यांच्या गॅदरिंगला आपली पोरं चोरून जातात. त्या दिवशी मात्र काकांचा प्रश्न डोक्यात होता आणि एकदम आठवलं की शाळेत असताना कुठंतरी वाचलं होतं, वाडिया म्हणजे जहाजं बांधणारे. कॉलेज १९३२ सालचं, ज्यांचं नाव त्याला आहे ते नौरोसजी वाडिया म्हणजे १८७९ साली बॉम्बे डाईंग काढणारे. आणि त्यांच्या घराण्यात मागे मागे जात राहिलं की आपण पोचतो सुरतेच्या एका सुतारापर्यंत. लवजी नसरवानजी.

लवजींचा जन्म १७०२ च्या सुमाराचा, सुरतेजवळच्या सिगनपूरचा. जहाज बांधणाऱ्याला तिकडे वाडिया म्हणतात, तेच पुढे आडनाव झालं. त्या काळी सुरत म्हणजे मुघलांचं मोठं बंदर, मक्केला जाणारे यात्रेकरू इथूनच निघायचे. तिथं धनजीभाई नावाचे नामांकित जहाज बांधणारे होते आणि लवजी त्यांच्या हाताखाली मुकादम होते. म्हणजे डिझाइन धनजीभाईंचं, पण कुठली फळी कुठं जाते, कुठला सुतार कुठं उभा राहतो, हे लवजींनी बघायचं.

१७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा डडली नावाचा अधिकारी मुंबईहून सुरतेला आला. कंपनीला क्वीन नावाचं जहाज धनजीभाईंकडून बांधून घ्यायचं होतं. काम चालू असताना डडलीचं लक्ष मालकाकडे कमी आणि मुकादमाकडे जास्त गेलं. जहाज पूर्ण होईपर्यंत त्यानं ठरवून टाकलं होतं की हा माणूस मुंबईला पाहिजे. धनजीभाईंना आपला हुकमाचा माणूस सोडवेना, बरीच ओढाताण झाली. शेवटी १७३६ साली लवजी थोड्याशा सुतारांना घेऊन मुंबईला आले. आजच्या भाषेत कॅम्पस प्लेसमेंटच म्हणा, फक्त आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर मिळता मिळता नाकी नऊ आले.

मुंबई तेव्हा काही आजची मुंबई नव्हती. बंदर नैसर्गिकरीत्या उत्तम, पण जहाज बांधायची धड सोय नाही. आणि कंपनीला जहाजं तातडीनं हवी होती, कारण किनाऱ्यावर आंग्रे होते. कान्होजी १७२९ साली गेले होते, पण त्यांच्या मुलांची गलबतं आणि गुराबा कोकणपट्टीवर फिरतच होत्या. इथं मला थोडं अडखळायला होतं. आमचं गाव विजयदुर्गाजवळचं. खाडीत गिर्ये गावाजवळ आंग्र्यांच्या काळातली खडकात कोरलेली गोदी आहे, सुमारे साडेतीनशे फूट लांब आणि सव्वादोनशे फूट रुंद, लहानपणी आम्ही तिथं खेकडे पकडायला जायचो. १७५६ साली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं ते याच विजयदुर्गाच्या पाण्यात. म्हणजे मी ज्याची गोष्ट सांगतोय तो माणूस समोरच्या बाजूचा. पण लाकडाला बाजू नसते असं मी स्वतःला समजावलं. कान्होजी आंग्र्यांवर आपल्या मासिकात दर दोन वर्षांनी लेख येतोच, लवजींवर मात्र मला तरी कुठं सापडला नाही.

मुंबईला आल्यावर लवजींनी पहिलं काम काय केलं असेल? जहाज नाही. त्यांना लाकूड आणायला पाठवलं. उत्तरेकडच्या जंगलांत जाऊन सागवानाचा व्यवहार जमवायचा, आणि येताना सुरतेहून बायकामुलांनाही घेऊन यायचं. मला हे फार आवडलं. मोठ्या माणसाच्या चरित्रात आधी शपथ असते, स्वप्न असतं. इथं आधी लाकडाचा सौदा.

आता इथं जरा लाकडाकडे वळू, कारण गळतीचा सगळा खेळ तिथंच आहे. लाकूड भिजलं की फुगतं आणि सुकलं की आकसतं, तेही लांबीत नाही तर रुंदीत. होडी म्हणजे शेजारी शेजारी लावलेल्या फळ्या. मे महिन्यात ती वाळूवर उन्हात पडलेली असली की फळ्या आकसतात आणि दोन फळ्यांमधल्या फटीतून पलीकडचं आकाश दिसतं. अशी होडी नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात ढकलली की पहिल्या दिवशी ती गळत नाही, चक्क पितेच. नवखा माणूस घाबरेल. जुनी माणसं तिला तशीच किनाऱ्याजवळ बांधून ठेवतात, काहीजण तर आतही पाणी भरून ठेवतात. दोन-तीन दिवसांत फळ्या फुगतात, मधल्या फटीत ठासलेला कापूस किंवा काथ्या दाबला जातो आणि होडी आपणहून घट्ट होते. पण पूर्ण नाही. कारण लाटेवर ती वाकते, पिळते, खिळ्यांच्या भोवती हलते. थोडं पाणी येतच राहतं.

किती, ते मी रूममेटसाठी काढून पाहिलं. आमचा डबा तेलाचा, तोंड कापलेला, पाच लिटरचा. पंधरा डबे म्हणजे ७५ लिटर. संध्याकाळी सहा ते पहाटे सहा धरले तर मिनिटाला साधारण १०० मिलिलिटर, म्हणजे दर मिनिटाला एक कटिंग. पाण्याखाली सरासरी अर्ध्या मीटरवर गळती आहे असं धरून फ्लुइडमधलं ओरिफिसचं सूत्र लावलं, डिस्चार्ज कोइफिशंट ०.६ घेतला, तर भोकाचं क्षेत्रफळ येतं एक चौरस मिलिमीटरच्याही आत. दोनशे फुटांच्या वर सांधे असलेल्या होडीला सगळं मिळून एवढंसं भोक. रूममेट गप्प झाला. मग म्हणाला, ड्रॉइंगमध्ये एवढा टॉलरन्स मला कोणी देत नाही.

लवजींचं लाकूड सागवान. युरोपात तेव्हा जहाजं ओकची बांधत. ओक मजबूत खराच, पण त्याच्यात आम्ल असतं आणि ते लोखंडी खिळ्यांना खातं. खिळा गंजला की त्याच्या भोवतीचं लाकूड सैल, सैल झालं की सांधा हलतो, हलला की गळतो. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यात लोखंड टिकतं. शिवाय साग भिजल्या-सुकल्यावर कमी हलतो आणि कुजतही लवकर नाही. म्हणून सागवानी जहाजाची गळती वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहते. १८११ च्या सुमारास एका इंग्रज अधिकाऱ्यानं हिशोब मांडला होता की आपल्या नौदलाची जहाजं बारा वर्षांत नवी करावी लागतात आणि मुंबईची सागवानी जहाजं पन्नास वर्षं जातात. त्याला मुंबईचं काम वाढवायचं होतं, तेव्हा आकडे थोडे ताणलेले असणार. पण दिशा बरोबर होती.

दुसरी गोष्ट सांध्याची. युरोपात फळ्या कडेला कड लावून बसवत आणि मधली फट जुन्या दोरखंडाचे तंतू ठासून डांबरानं बंद करत. सुरतेकडच्या कारागिरांची रीत निराळी. एका फळीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला त्या खाचेत बरोबर बसणारी जीभ, मध्ये राळ आणि कापूस. दोन फळ्या बसल्या की एकच असल्यासारख्या. प्रवासाला आलेल्या युरोपियनांनी हे मुद्दाम नोंदवून ठेवलंय. तळाला बाहेरून चुना आणि तेल कालवून केलेला लेप. कारण समुद्रात एक लाकूड पोखरणारा प्राणी असतो, दिसायला अळीसारखा पण जात शिंपल्याची. तो बाहेरून सुईच्या टोकाएवढं भोक पाडून आत शिरतो आणि आतून फळीची चाळण करतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं. तांब्याचे पत्रे ठोकायची पद्धत इंग्रजांच्या नौदलात रुळली ती १७८० च्या आसपास, तोवर असले लेपच तारणहार.

लवजी ही सुरतेची विद्या घेऊन आले. पण मुंबईत येऊन त्यांच्या हातून जे सर्वांत मोठं काम झालं ते जहाज नव्हतंच. ते होतं एक खड्डा.

जहाजाच्या तळाला काय झालंय ते कळणार कसं? होडी असेल तर आम्ही दहा जण मिळून वाळूवर ओढतो. हजार टनांचं जहाज कसं ओढणार? मग ते भरतीला उथळ पाण्यात न्यायचं, तोफा, माल, नांगर सगळं उतरवायचं आणि डोलकाठ्यांना दोर लावून जहाज कुशीवर पाडायचं. एक बाजू उघडी पडली की घासा, ठोका, लेप द्या. मग दुसरी कूस. या उलथापालथीत कित्येकदा सांधे आधीपेक्षा जास्त उघडायचे. रोग्याला तपासतानाच हाडं मोडायची तसला प्रकार.

त्या दिवसांत गळतीचं काय होत असे याचा एक नमुना. इंग्रजांचा अॅन्सन नावाचा दर्यावर्दी जगप्रदक्षिणेला निघाला होता. १७४२ च्या ऑगस्टमध्ये पॅसिफिकच्या मधोमध त्याचं ग्लॉस्टर नावाचं लढाऊ जहाज सोडून द्यावं लागलं. आत सात फूट पाणी होतं आणि खलाशी उपसून उपसून अंथरुणाला खिळले होते. माणसं दुसऱ्या जहाजावर घेतली आणि ग्लॉस्टरला आग लावली. त्याच वर्षी लवजी मुंबईत आपल्या कामावर होते.

मोठ्या जहाजांवर डबे मोजत नसत. तळाशी पंपाजवळ एक विहीर असते, तिच्यात सुतार दोरीला बांधलेली खुणांची काठी सोडायचा आणि पाणी तासाला किती इंच चढलं ते कप्तानाला सांगायचा. ते रोजच्या नोंदीत जायचं. नोंद शून्य असावी अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. काल दोन इंच आणि आज दोन इंच, तर सगळे निवांत जेवायला बसायचे. काल दोन आणि आज पाच झाले की सगळ्यांचे चेहरे बदलायचे.

हे वाचताना मला आमचे आजोबा दिसले. त्यांना इंच माहीत नव्हते. पहाटे उपसून झालं की ते एकच विचारायचे, किती डबे? मी सातवीत असताना हे काम माझ्याकडे होतं. एकदा शाळेची मॅच होती, घाई होती. मी भराभर उपसलं आणि मोजलंच नाही. हाताला जरा जास्त वेळ लागला हे कळलं होतं, पण विचारल्यावर तोंडातून रोजचंच निघालं, पंधरा. ते चौघं होडी घेऊन गेले. दुपारी विजयदुर्गाच्या बाहेर होडीत गुडघ्याला पाणी लागलं. बर्फ टाकला, मासळी टाकली, निम्मं जाळं कापून सोडलं आणि दोघं उपसत, दोघं हाकत कसेबसे आत आले. वर ओढल्यावर दिसलं, तळाशी एक खिळा गंजून गेला होता आणि दोन हात लांब सांध्यातला कापूस निघून आला होता. मी त्या पहाटे बहुतेक चाळीस डबे उपसले होते. सूत्रात घातले तर भोक अडीच चौरस मिलिमीटर. कालच्यापेक्षा दीड जास्त, बस्स. आजोबा मला रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी उपसताना ते शेजारी उभे राहायला लागले आणि मला मोठ्यानं मोजायला लावायचे. अख्खी वाडी ऐकायची. त्यापेक्षा चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं.

असो. तो खड्डा.

लवजींच्या कारकिर्दीत, १७५० साली मुंबईत सुकी गोदी तयार झाली. आशियातली या धर्तीची पहिली. कल्पना साधी आहे. किनाऱ्यालगत दगडी बांधणीचा खोल हौद, समुद्राच्या बाजूला दरवाजे. मुंबईला उधाणाच्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, हा फुकटचा पंप. भरतीला दरवाजे उघडून जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी आपोआप बाहेर जातं, मग दरवाजे बंद करून राहिलेलं उपसून काढायचं. जहाज हळूहळू खाली येऊन ठोकळ्यांवर बसतं, सरळ उभं, कुशीवर पाडायची गरजच नाही. पुढच्या भरतीला बाहेर समुद्र आणि आत कोरडा तळ. सुतार जहाजाखाली चालत जाऊन फळीवर हातोडी वाजवून ऐकू शकतो. आवाज ठणठणीत तर लाकूड चांगलं, भद्द तर आतून गेलं. आणि हो, गोदीचे दरवाजेही थोडेफार झिरपणारच. तेही पाणी उपसावं लागतं. रूममेटला हे सांगितलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला.

१७६० च्या दशकात याच रांगेत आणखी दोन गोद्या झाल्या. इंग्रजांच्या मोठ्या लढाऊ जहाजांना पूर्वेकडच्या समुद्रात तळ तपासायचा तर मुंबईलाच यावं लागायचं. राजकारणात याचा उपयोग कोणाला झाला ते आपण इतिहासात शिकलोच आहोत. दुसऱ्या वर्षी इंडस्ट्रियल व्हिजिटला मुंबईला गेलो होतो, तेव्हा मी मुद्दाम लायन गेटपर्यंत चालत गेलो होतो. गोद्या नौदलाच्या हद्दीत आहेत, आत आपल्याला कोण सोडणार. भिंत बघितली आणि समोर वडापाव खाऊन परत आलो.

माणूस म्हणून लवजी कसे होते हे सांगणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत, पण एक फार बोलकी आहे. आपले नातू, फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी, यांना त्यांनी गोदीत कामाला लावलं ते महिना बारा रुपयांवर, साधे सुतार म्हणून. आजोबा गोदीचे मुख्य बांधणीकार, आणि नातू रंधा मारतायत. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब दुसऱ्याकडून करून घेणारे किती आहेत ते मी लिहीत नाही, संपादक कापतील. लाकडाची नस हाताला कळल्याशिवाय कागदावर जहाज काढू द्यायचं नाही, असा तो हिशोब असावा. यातल्या जमशेटजींचं एक चित्र प्रसिद्ध आहे, कमरेला चांदीची मोजपट्टी खोचलेली, कंपनीनं बक्षीस दिलेली.

१७७४ साली लवजी गेले. जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी गोदी सांभाळली. मागे एक घर आणि बेताचेच पैसे. ज्यांच्या हातून कंपनीची एवढी जहाजं आणि एवढं लाकूड गेलं त्या माणसाच्या मानानं काहीच नाही. त्या काळात कंपनीचे कित्येक नोकर इथून नवाब होऊन परत जात होते, हे लक्षात घेतलं तर जास्तच जाणवतं.

मुलगे माणेकजी आणि बमनजी गोदीवर आले, मग ते दोघे बारा रुपयेवाले नातू. जमशेटजींनी १८१० साली मिंडन नावाचं लढाऊ जहाज बांधलं. ब्रिटिश नौदलाचं एवढं मोठं जहाज इंग्लंडबाहेर बांधलं जाण्याची ही पहिलीच वेळ. १८१३ सालचं कॉर्नवॉलिस त्यांचंच, याच जहाजावर १८४२ साली चीननं हाँगकाँग इंग्रजांना देण्याच्या करारावर सह्या केल्या. आणि १८१७ साली पाण्यात उतरलेलं त्रिंकोमाली. त्याची ड्रॉइंग्ज इंग्लंडहून जावा नावाच्या जहाजातून येत होती, ते जहाज १८१२ साली अमेरिकनांनी वाटेतच गाठून बुडवलं. पुन्हा कॉपी पाठवावी लागली. सबमिशनच्या आदल्या रात्री हार्ड डिस्क उडालेल्यांनी धीर धरावा. त्रिंकोमालीच्या पठाणात जमशेटजींनी रीतीप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता. मलबारच्या सागवानाचं ते जहाज आज इंग्लंडात हार्टलपूलला आहे. काचेच्या कपाटात नाही, पाण्यात. दोनशे वर्षं होऊन गेली.

पुढे वाफ आली, लोखंड आलं. घराण्यातले अर्देशिर करसेटजी वाफेच्या यंत्रात शिरले आणि १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. तरी मुख्य बांधणीकाराची जागा वाडियांकडेच राहिली, थेट १८८० च्या दशकापर्यंत. सुरतेहून आणलेल्या त्या मुकादमापासून मोजलं तर दीडशे वर्षं होत आली होती.

हे सगळं वाचून झाल्यावर मी काकांना फोन केला. म्हटलं, फायबर चढवू नका. लाकूड हलणार, फायबर हलणार नाही, मध्ये कुठंतरी सुटणार आणि तिथं पाणी जाऊन बसेल. आत थेंब येणार नाही म्हणून आपण खूश, आणि आतल्या आत फळी कुजलेली. डबे मोजायला काही राहणारच नाही, मग कळणार कसं? त्यापेक्षा मे महिन्यात वर ओढू, तळाच्या फळ्या ठोकून बघू, ज्या भद्द वाजतील त्या बदलू, खिळे नवे घालू. काका म्हणाले, बोलायला सोपं आहे. सागवानाचा भाव माहीत आहे का? आणि होडीचे सुतार आपल्या भागात उरलेत एकच, त्यांना एका डोळ्यानं दिसत नाही. फायबरवाला चार दिवसांत करून देतोय. बरंच बोलले. मी ऐकून घेतलं. त्यांचं सगळं खरंच होतं.

शेवटी त्यांनी सुतारांना बोलावलं. तळाच्या तीन फळ्या बदलल्या. सुतारांना दिसत नाही म्हणतात, पण हातोडी वाजवून ऐकायला डोळा लागत नाही. खर्च किती झाला ते काका सांगत नाहीत, म्हणजे बराच झाला असणार. पहिल्या नोकरीत मी तो फेडायचा असं न बोलता ठरलंय.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली. उपसायचं काम आता माझ्या चुलतभावाकडे आहे, तोही सातवीत. काकांनी त्याच्या हातात एक वहीच दिली आहे, आणि रोज सकाळी त्या पानाचा फोटो मला मोबाइलवर येतो. पहिल्या दिवशी बासष्ट. दुसऱ्या दिवशी एकतीस. तिसऱ्या दिवशी चौदा, चौथ्या दिवशी चौदा. रूममेटनं त्याचा एक्सेलमध्ये ग्राफ काढून रूमच्या दारामागे चिकटवलाय, खाली एक्स अक्ष, वर डबे. मेसला जाताना तो रोज विचारतो, आज किती? आजचा फोटो अजून आलेला नाही.